उजव्या हाताचं दार

३ एप्रिल, गुरुवार. अमरावती

आले एकदाची! चांदूर रेल्वेहून निघालेली गाडी बडनेऱ्याला चक्क वेळेवर पोचली, ऑटोवाला भांडला नाही आणि राजापेठेतल्या माझ्या खोलीचा पंखा फिरतो. एका दिवसात एवढं सगळं सुरळीत झालं म्हणजे ही नोकरी मला मानवणार असं दिसतंय. आईने ठेचा, भाकरी आणि चार वेळा तेच बजावणं बांधून दिलं होतं : "दुपट्टा बांधून फिरजो, बाई. ऊन लय हाय."

ऑफिस फर्निचरच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. पाटीवर 'वऱ्हाड नगरपट्टा अभ्यास केंद्र' असं भारदस्त नाव, आत तीन टेबलं आणि एक माठ. चंद्रभान सर संख्याशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. त्यांचं म्हणणं असं की अमरावती आणि अकोला ही दोन शहरं मिळून एकच पट्टा झाला आहे, त्याची तब्येत दर आठवड्याला बघायला हवी. सरकारी अहवाल येतो तोवर रोगी बरा तरी झालेला असतो किंवा गेलेला तरी. म्हणून सर रस्त्याला विचारतात. ब्लाउज शिवून मिळायला किती दिवस थांबावं लागतं? न्हाव्याकडे किती जण बाकावर बसलेत? हार घातलेल्या नव्या गाड्या किती दिसल्या? फुलवाल्याच्या टोपलीत संध्याकाळी किती फुलं उरली? 'भाड्याने देणे आहे' अशा पाट्या किती? प्रत्येक शहरात चाळीस ठरलेल्या जागा आहेत, प्रत्येकीच्या चौकटीवर गेरूने क्रमांक घातलेला. या सगळ्याचा मिळून शनिवारी एक आकडा निघतो. मागचं वर्ष म्हणजे शंभर. शंभराच्या वर पट्टा ठणठणीत, खाली आला की तोंड पांढरं.

अमरावतीच्या चाळीस जागा माझ्या. एम.ए.ला संख्याशास्त्र घेतलं तेव्हा सगळे हसले होते. आता हसा म्हणावं.

५ एप्रिल, शनिवार

पहिली बैठक. जानेवारीपासून अकोल्याचं काम बघणारा कुंदन पडद्यावर होता; माझ्या मुलाखतीच्या दिवशी ऑफिसात बसलेला दिसला होता तोच. नीट भांग पाडलेला, हसरा, आणि आकडे तोंडपाठ. अकोला १०६. आपली अमरावती ९७. सर म्हणाले, कुंदनच्या फॉर्ममध्ये एकही खाडाखोड नसते. मग म्हणाले, त्याला दुकानदार घरचं समजतात. मग चहा आला तरी कुंदनच चालू होता.

मला त्याचा हेवा वाटला. उगाच शब्द फिरवत बसत नाही. पहिल्याच शनिवारी, चहा थंड व्हायच्या आत वाटला.

१० एप्रिल, गुरुवार

उन्हात चाळीस दारं म्हणजे काय ते आज कळलं. राजकमल चौकातून इतवाऱ्यापर्यंत जाईस्तोवर डांबर चपलेला चिकटत होतं.

नियम पाठ झाले. जागा बंद दिसली की फॉर्मवर 'बंद' लिहायचं. सलग तीन फेऱ्या बंद दिसली की ती नमुन्यातून काढायची आणि तिच्या उजव्या हाताचं दार घ्यायचं. मध्ये एकदा जरी 'सुरू' आलं तरी मोजणी पहिल्यापासून. नवं दार घेतलं की सर त्याला जोड देतात, म्हणजे मागच्या महिन्यांचे आकडेही नव्या दाराच्या हिशेबाने बदलून घेतात. नाहीतर आलेखात खड्डा पडतो. जोड असा बसला पाहिजे, सर म्हणतात, की जुनं दार कधी होतं असं कोणाला वाटूच नये.

शिवाय एकमेकांची तपासणी. दर मंगळवारी मी अकोल्याला जाऊन कुंदनच्या पाच जागा बघायच्या, दर गुरुवारी त्याने इथे येऊन माझ्या. दोन फॉर्म जुळले नाहीत तर तपासणीचाच धरतात. आज आला होता. आईच्या हातचं कैरीचं लोणचं घेऊन आला. लोणचं माझ्या आईच्या लोणच्यापेक्षा चांगलं निघालं. हेही त्याचंच चांगलं!

सरांनी दोघांसमोर सांगितलं : मेअखेर एकालाच कायम करणार, दुसऱ्याचं काम संपलं. मी शिकवणी वर्गातली नोकरी सोडून आले आहे. आई अंगणवाडीतून निवृत्त झाली, गुडघे गेलेत. तिला इथे आणून माझ्याजवळ ठेवायचं आहे. फक्त माझ्याजवळ. ही जागा मला हवीच.

१५ एप्रिल, मंगळवार

काल जयंतीला घरी गेले होते. मिरवणूक छान झाली, आईने खीर केली. पण पहिली वाटी गेली पिंकीच्या हातात. पिंकी म्हणजे शेजारची पोर, मी गेल्यापासून आमच्याकडेच पडीक असते. आईची गोळी आणते, पाय चेपून देते. आई म्हणते, "लय जीव हाय पोरीचा माह्यावर." मला खीर गोड लागली नाही. बावीस वर्षांच्या पोरीवर जळायला मी काय कुकुलं बाळ आहे? पण जळले.

एक लबाडी केली, तीही लिहून ठेवते. पट्ट्याच्या बाहेरच्या कडेला चांदूर रेल्वे येतं. तिथलं एक घर नमुन्यात घ्यायचं होतं : चूल पेटली का, पाहुणे आले का, कामावर कोण गेलं. मी आमचंच घर घातलं. क्रमांक एक्केचाळीस, चतुराबाई, म्हणजे आई. म्हणजे ऑफिसच्या वेळेत घरी जाता येतं, आणि कंटाळा आला तर फॉर्म खोलीवर बसूनही भरता येतो. सर्वेवाले सगळेच असं करतात.

आज अकोल्याची पहिली तपासणी. मी आशेने गेले होते की कुंदन घरी बसून आकडे भरत असेल. तसं काही नव्हतं. सगळे आकडे खरे. सतरा क्रमांक माणिकबाई, जठारपेठेच्या एका गल्लीत ब्लाउज शिवतात. बारा दिवसांची वाट, कापडाचा ढीग डोक्याएवढा. मी केंद्राचं नाव घेताच उठून त्यांनी ताक दिलं. "कुंदनभाऊनं पाठवलं काय? मंग बसा ना, बाई, उन्हाच्या आल्या." मग अर्धा तास कुंदनपुराण. तो आला की सुईत दोरा ओवून देतो म्हणे, त्यांना दिसत नाही ना आता. तुमच्या अमरावतीचा माणूस असं कोणाले पुसते काय, असंही वर.

परतीच्या बसमध्ये फॉर्म भरला. क्रमांक सतरा : बंद.

मशीन खडखडत होतं. माझ्या पोटात त्यांचंच ताक होतं. तरी लिहिलं.

२२ एप्रिल, मंगळवार

अकोला चव्वेचाळीस अंश. दुपारी गल्लीत कुत्रंसुद्धा नाही. माणिकबाईंच्या पायरीवर दोन बाया कापड घेऊन उभ्या होत्या आणि मलाच विचारत होत्या, इथं कुठं ब्लाउज शिवणारी आहे का? त्यांच्यापासून दोन हातांवर माणिकबाई मशीनवर बसलेल्या. हाका मारत होत्या : अवो, या ना, इथं! बाया निघून गेल्या.

उन्हाने डोकं फिरलं असेल बायांचं. ढीग मात्र गुडघ्याएवढाच उरला होता.

शनिवारी कुंदन १०७ घेऊन बसला होता. लिहिलं : बंद.

२९ एप्रिल, मंगळवार

आज माणिकबाईंनी माझा हात धरला. हात गार होता, या उन्हात. म्हणाल्या, "बाई, तुमीच एक मले पाहून राहिल्या. बाकीच्याइले मी दिसूनच नाही राहिली. माही जाऊ आली, माह्या खुर्चीवर पिशवी ठेवून गेली, मी त्यातच बसली होती." कुंदनपुढे करतात तशी त्यांनी सुई माझ्यापुढे केली. मी दोरा ओवून दिला नाही, गडबडीत होते.

खरं सांगायचं तर 'सुरू' लिहिणार होते. पेन टेकवलंही होतं. मग सर शनिवारी त्याच्याकडे बघून कसे हसतात ते आठवलं.

बंद. तिसऱ्यांदा.

३ मे, शनिवार

अमरावती १०३, अकोला १०१. सर माझ्याकडे बघून म्हणाले, शाबास, दीक्षा. पडद्यावर कुंदन गोंधळलेला. मी आज आईसाठी साडी बघून आले. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

६ मे, मंगळवार

दुकान नाही.

बंद नाही. नाही. जिथे माणिकबाईंचं दार होतं त्याच्या डावीकडे औषधांचं दुकान होतं, उजवीकडे घड्याळदुरुस्तीवाला. आज औषधांच्या दुकानाच्या भिंतीला घड्याळवाल्याची भिंत लागून आहे. मधे बोट जाईल एवढीही जागा नाही. भिंतीवर पानाचे जुने डाग. घड्याळवाल्याच्या चौकटीवर गेरूचा सतरा, उन्हापावसाने पुसट झालेला, वर्षाचा जुना. तो म्हणाला, वीस वर्षं झाली मले इथं. शिलाईवाली? इथं शिलाईवाली कधीच नव्हती, ताई.

संध्याकाळी ऑफिसात मागचे फॉर्म काढले. जानेवारीपासून सतरा क्रमांकाला घड्याळवाला. सरांना विचारलं, माणिकबाई? सरांनी विचारलं, कोण?

जोड फार छान बसला आहे.

८ मे, गुरुवार

कुंदन आला होता. लोणचं आणलं नाही. माठाजवळ उभा राहून हळूच म्हणाला, "ताई, मले माणिकबाई आठवून राहिल्या. माह्या घरच्या वयीत लिहून हाय. सतरा नंबर, बारा दिवस." त्याने वही दाखवली. त्याचंच अक्षर. म्हणजे फॉर्मबाहेर, स्वतःच्या वहीत लिहून ठेवलेलं तेवढं टिकतं. ही रोजनिशीही त्यामुळेच टिकली असणार.

त्याच्या आवाजात राग नव्हता, ते जास्त लागलं. तपासणीचे तिन्ही फॉर्म तुमचे होते, म्हणाला. आणखी शोध घेतो आणि मेअखेरच्या बैठकीत वही सरांपुढे ठेवतो.

सगळे त्याच्यावर जीव टाकतात. खरेपणासुद्धा त्याच्याच बाजूला.

१३ मे, मंगळवार

तपासणीच्या फॉर्मच्या तळाशी एक ओळ आहे. 'अन्वेषक'. म्हणजे काम करणारा माणूस जागेवर भेटला का. कागद वाचवायला सरांनी त्यालाही त्याच दोन चौकटी छापल्यात : सुरू, बंद. आम्ही यावर हसायचो.

अन्वेषक कुंदन : बंद.

तो बाजूलाच उभा होता. मला पाण्याची बाटली देत होता.

१७ मे, शनिवार

बैठकीत कुंदनने अकोल्याचे आकडे सांगितले. सर चष्मा पुसत होते. मग म्हणाले, अकोल्याचं आज कोणी बोलत नाही वाटतं? पडद्यावर कुंदनचे ओठ हलत होते, मला सगळं ऐकू येत होतं. सरांनी पुढचा विषय घेतला.

२० मे, मंगळवार

बंद. दुसरं.

त्याने फॉर्म वाचला आणि वहीत तारीख लिहून घेतली.

२४ मे, शनिवार

कुंदनचा फोन. दिवसाउजेडी रडत होता. "ताई, आई मले जेवाले हाकच मारून नाही राहिली. दोनच ताटं घेते, बाबाचं अन् तिचं. मी समोर बसून राहतो. तुमाले एकट्यालेच माहा आवाज येते, काहून?"

माणिकबाई पण शेवटी मलाच तेवढ्या दिसत होत्या. ज्याने 'बंद'ची खूण केली त्यालाच दिसतं, त्यालाच ऐकू येतं. असं असावं.

मी म्हटलं, ऊन लागलं असेल. कांदा खिशात ठेव.

मंगळवारी 'सुरू' लिहायचं. नक्की. त्याच्या आईचा काय दोष?

२६ मे, सोमवार

सरांच्या टेबलावर कायम जागेच्या पत्राचा मसुदा. एप्रिलमध्येच टंकून ठेवलेला दिसतो. नाव : कुंदन. ज्याचा आवाजही येत नाही त्यालाही माझ्या आधी!

आईने फोनवर सांगितलं, पिंकीने तिच्यासाठी गुडघ्याचा पट्टा आणला. मी साडी घेतली ते सांगितलं तर म्हणाली, ठेव, ठेव. पट्ट्याचं कौतुक मात्र दहा मिनिटं.

२७ मे, मंगळवार

अकोला. कुंदन बसस्टँडवर उभा होता. लोक त्याच्या अंगावरून सामान नेत होते. वही छातीशी धरलेली. म्हणाला, "लिहा, ताई, सुरू लिहा. जागा तुमीच घ्या."

त्याने मला जागा द्यावी? म्हणजे तीही त्याची कृपा?

बंद.

वर पाहिलं तर बाकावर एक म्हातारा शेंगा सोलत होता. तिथे दुसरं कोणी नव्हतं.

३१ मे, शनिवार

पडद्यावर एक मुलगी. प्रतीक्षा. सर म्हणाले, आपली प्रतीक्षा जानेवारीपासून अकोला सांभाळते, तुला काय झालं आज? माझ्या मुलाखतीच्या दिवशी कुंदनच्या उजव्या हाताच्या खुर्चीवर एक मुलगी बसली होती, तीच ही, आता आठवलं.

अकोला १०९. कुंदनपेक्षाही वर. अजिबात खाडाखोड नाही. सर तिच्याकडे बघून कुंदनपेक्षा जास्त हसले.

पण पत्र माझं! कायम जागा, दीक्षा. सरांनी माझ्या हातात दिलं. मी आभार मानेपर्यंत ते उठले, पंखा बंद केला आणि मला आत बसलेली ठेवून बाहेरून कुलूप घालायला लागले. मी ओरडले. कुलूप लागलं. दुपारी तीन वाजता फर्निचरवाल्याच्या गोदामाच्या जिन्याने उतरले.

त्याआधी गुरुवारच्या तपासणीचे फॉर्म पाहिले. कुंदनने भरलेले गुरुवार आता प्रतीक्षाच्या अक्षरात आहेत, तो गेल्यानंतरचा गुरुवारही. जोड मागपर्यंत बसतो ना.

२२ मे. अन्वेषक दीक्षा : बंद.
२९ मे. अन्वेषक दीक्षा : बंद.

दोन होऊन गेले. मला कळायच्या आत.

१ जून, रविवार

आईला फोन केला. कोण बोलते, म्हणाली. दीक्षा. कोण दीक्षा?

मग लांबून आवाज : "आई, ठेवून दे, राँग नंबर असन."

पिंकी. आईला 'आई' म्हणाली. आमच्या दाराच्या उजव्या हाताला पिंकीचं घर आहे.

माझी जागा गेली तरी चालेल. खोली गेली तरी चालेल. पण ती पोर माझ्या आईच्या कुशीत—

३ जून, मंगळवार

अकोला. कंडक्टरने तिकीट विचारलं नाही.

प्रतीक्षा फुलबाजारात उरलेल्या टोपल्या मोजत होती. तिला मी दिसले. खूण तिचीच, तिलाच दिसणार. मी हात जोडले. रस्त्यात, भर उन्हात. परवा 'सुरू' लिही म्हटलं. एकदाच. मोजणी पहिल्यापासून होईल.

ती घाबरली, रडलीही. मग म्हणाली, "ताई, तुमचे आकडे, तुमची शाबासकी, अन् आता पत्रपण तुमालेच. मी किती करू? मले राहवलंच नाही."

बघते, म्हणाली. मी पण 'बघते' म्हणायचे.

तिच्या नावापुढे 'बंद' लिहून आले. पहिलंच. तीन व्हायला आणखी दोन मंगळवार हवेत. माझ्याकडे दोन दिवस.

तिच्या जागी मी असते तर काय लिहिलं असतं? माहीत आहे.

४ जून, बुधवार

घरमालकीण एका मुलीला खोली दाखवून गेली. मी कॉटवर बसले होते. हवा चांगली येते, म्हणाली.

आईला अकरा फोन. अकराही वेळा कोण बोलते.

तिच्या मागे पाटा-वरवंट्याचा आवाज. पिंकी ठेचा वाटतेय—

५ जून, गुरुवार

११.३५. ऑफिस. सर समोर पेपर वाचताहेत. प्रतीक्षाची बस बाराला येते. फॉर्म साडेबाराच्या आत इथेच भरायचे.

एक्केचाळीसचे तीन फॉर्म माझ्याकडे कोरे आहेत. २२ मे, २९ मे आणि आजचा. आळसाने राहिलेले. चतुराबाई, चांदूर रेल्वे.

मी नसले की पिंकी तिची. आधीपासून तिचीच. आई शाळेत पिंकीला सोडायला गेलेली, पिंकीच्या तापात जागलेली. माझे सगळे दिवस पिंकीला जोडून. हे नाही सहन होणार. नसूनही नाही होणार.

मला नाही तर कोणालाच—

११.५०. २२ मे : बंद.

११.५१. २९ मे : बंद.

तिसरा राहिला.

१२.०४. फोन. आई!

"दीक्षा, तू हाय ना बाई?" नाव घेतलं. माझं नाव घेतलं. खूण मी केली, म्हणून आता आम्हा दोघींनाच एकमेकींचा आवाज—

ती म्हणते, पिंकीले हाका मारून राहिली, ते समोरून निघून गेली. चुलीजवळून गेली, पाहलं पण नाही. शेजारच्या बायका पण तशाच. "तुहाच आवाज येते, बोलत राय."

माझीच आहे. पूर्ण माझी. कोणाचीही नाही.

१२.१२. फोन कानाला, उजव्या हाताने लिहिते आहे.

आता कळलं काय केलं. मी गेले की तिचा आवाज कोणालाच नाही. दोन 'बंद' घेऊन ती त्या घरात बसून राहील. हाका मारत. कोणी ताट वाढणार नाही. गुडघे दुखतात तिचे.

'सुरू'. तिसऱ्यावर 'सुरू' लिहिलं की मोजणी मोडते. ती वाचते. पिंकीला दिसेल, पिंकी पाणी देईल. आणि आई मला विसरेल. फोन ठेवून विचारेल, कोण होती?

लिहायचं. फॉर्म समोर आहे. पेन—

१२.१९. जिन्यात चपला. प्रतीक्षा. सर म्हणाले, ये ये.

ती बसली. माझ्याकडे बघत नाही. फॉर्म काढला. पेनचं टोपण—

आधी एक्केचाळीस. लिहिते. आई बोलतेय. मी लहान असताना उन्हात खेळायचे ते सांगतेय, डोक्यावर ओला फडका— हे तिने पिंकीला कधी सांगितलं नसेल. हे माझंच—

'सुरू' लिहितेच. तिचं एवढं वाक्य होऊ दे. विचारते आहे, जेवली काय बाई. एवढं सांगते तिला, हो म्हणते, आणि लगेच लि